छिद्र तेवढंच, ऐकू येणं वेगळं: एका रुग्णाच्या दोन कानांचा अभ्यास

कानाच्या पडद्याला छिद्र पडलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती मोठं आहे?’ दुसरा, ‘कुठे आहे?’ तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं: पडद्यामागे हवेला जागा किती आहे? पुढच्या प्रकरणात नेमका हा तिसरा प्रश्न निर्णायक ठरला. प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. त्यातली मापं बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्या पट्ट्यातली आहेत आणि भौतिकशास्त्राच्या हिशोबाशी जुळणारी आहेत.

रुग्ण 38 वर्षांची स्त्री. उजवा कान लहानपणी वरचेवर फुटायचा, वाहायचा. गेल्या काही वर्षांत तो कोरडा आहे, पण पडद्यातलं छिद्र राहून गेलं. डावा कान पाच महिन्यांपूर्वीपर्यंत ठणठणीत होता. पोहताना उंचावरून पाण्यावर आडव्या आपटल्या तेव्हा तो फाटला. अशा आघाताच्या छिद्रांपैकी बहुतेक तीन महिन्यांच्या आत आपोआप भरतात. हे भरलं नाही, कारण कडेची त्वचा आत वळून आतल्या अस्तराला जाऊन मिळाली होती. एकदा असा सांधा जुळला की शरीराच्या लेखी जखम संपलेली असते.

तक्रार मात्र उजव्या कानाची. फोन उजवीकडे धरला की पुरुषांचा खर्जातला आवाज पोकळ आणि लांबून आल्यासारखा वाटायचा. ‘स’, ‘श’, ‘त’ स्पष्ट ऐकू यायचे, स्वर मात्र बारीक झालेले. डाव्या कानाचं त्या म्हणत होत्या, ‘थोडं कमी आहे, पण चालतं.’

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही छिद्रं जवळपास सारखीच दिसली. दोन्ही ताणलेल्या भागात, दोन्ही मध्यवर्ती, म्हणजे सगळ्या बाजूंनी पडद्याची कड शिल्लक असलेली. व्यास अंदाजे 4 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमीच्या आसपास. उजवं छिद्र पुढच्या-खालच्या चतुर्थांशात, डावं मागच्या-खालच्या. पडद्याला जोडलेल्या हातोडी या हाडाच्या दांड्याला दोन्हीकडे धक्का नव्हता. वरच्या सैल भागात खोबण, पापुद्रे किंवा पांढरा चुरा नव्हता. ही खात्री सर्वांत आधी करायची, कारण कडेचं किंवा वरच्या भागातलं छिद्र म्हणजे कोलेस्टिआटोमाचा (मधल्या कानात वाढून हाड कुरतडणाऱ्या त्वचेच्या गाठीचा) धोका, आणि तिथे ऐकू येण्याचा हिशोब दुय्यम ठरतो.

ऑडिओग्रॅममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, हाडातून ऐकण्याची पातळी दोन्ही कानांत 5 ते 10 डेसिबल, म्हणजे आतला कान शाबूत. हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक, ज्याला आपण ‘गॅप’ म्हणतो, तो डेसिबलमध्ये असा होता:

250 हर्ट्झ: उजवा 40, डावा 25
500 हर्ट्झ: उजवा 30, डावा 15
1,000 हर्ट्झ: उजवा 20, डावा 5
2,000 हर्ट्झ: उजवा 5, डावा 5
4,000 हर्ट्झ: उजवा 10, डावा 10

ट्यूनिंग फोर्कनेही हेच सांगितलं. 256 हर्ट्झचा फोर्क दोन्ही कानांत हवेपेक्षा हाडातून जास्त वाजला. 512 चा फक्त उजवीकडे. कपाळावर ठेवलेल्या फोर्कचा आवाज उजवीकडे, म्हणजे जास्त अडलेल्या कानाकडे गेला. इथे एक सूचना करावीशी वाटते. 500, 1,000 आणि 2,000 यांची सरासरी काढून ‘सौम्य बहिरेपणा’ असा शेरा मारला की असा कान हातातून निसटतो. उजव्या कानाची हवेतली सरासरी जेमतेम 27 डेसिबल भरते, आणि 250 वरची 45 ची पातळी त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. रुग्णाचं गाऱ्हाणं तर तिथलंच होतं.

पहिला संशय आणि तो का पटला नाही

सारखं छिद्र असून एका कानात 15 डेसिबल जास्त तोटा, आणि त्यातून तो लहानपणी वाहणारा कान. पहिला संशय साहजिकच हाडांच्या साखळीवर, म्हणजे मधल्या कानातल्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांवर जातो. ऐरणीच्या लांब दांड्याला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि जुन्या संसर्गात आधी तोच झिजतो. साखळी तुटली असेल तर नुसता पडदा शिवून उपयोग नाही. उलट पडदा बंद झाल्यावर ऐकू येणं आणखी कमी होऊ शकतं: तुटलेली साखळी आणि वर अखंड पडदा, ही मधल्या कानाची सर्वांत वाईट अवस्था, तोटा 60 डेसिबलपर्यंत.

पण आकडे पुन्हा वाचा. साखळी तुटली की तोटा सगळ्या पट्टीभर होतो, 2,000 आणि 4,000 वरही. इथे 2,000 वर गॅप फक्त 5. तुटलेली साखळी इतका आवाज पुढे नेऊच शकत नाही. राहतो दुसरा पर्याय, साखळी जखडण्याचा. चुनखडीसारखे थर साचून रिकीब किंवा हातोडी घट्ट बसली की तोटा खालच्या सुरांत जास्त दिसतो, अगदी या उजव्या कानासारखा. ही शक्यता ऑडिओग्रॅमवरून खोडता येत नाही. तिच्यासाठी वेगळी चाचणी लागते, तिच्याकडे पुढे येऊ.

जुन्या समजुतीने पाहिलं तर कोडं आणखी अवघड होतं. मागच्या-खालच्या छिद्रातून आवाज थेट गोल खिडकीवर (आतल्या कानाच्या दुसऱ्या तोंडावर) आदळतो, रिकीब बसते त्या अंडाकृती खिडकीवरच्या दाबाला विरोध होतो, म्हणून मागचं छिद्र जास्त बहिरं करतं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. या रुग्णात मागचं छिद्र असलेलाच कान चांगला होता.

पडदा हलतो तो दाबाच्या फरकावर

मधल्या कानाचं काम हवेतला आवाज आतल्या कानातल्या द्रवात उतरवण्याचं. हवेतून थेट द्रवावर आदळलेल्या आवाजाची 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे सुमारे 30 डेसिबलचा तोटा. तो भरून काढायला पडद्याचं हलणारं क्षेत्र सुमारे 55 चौरस मिमी आणि रिकिबीच्या तळव्याचं 3.2 चौरस मिमी, असं 17 पटीचं गुणोत्तर कामी येतं. त्यात हाडांच्या तरफेचे 1.3 पट. एकूण दाब 22 पट, म्हणजे 27 डेसिबलच्या आसपास.

छिद्र पडलं की पडद्याचं क्षेत्र कमी होतं म्हणून ऐकू कमी येतं, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. हिशोब करून पाहिला तर ते पटत नाही. 55 मधून साडेबारा वजा केले तरी तोटा 2 ते 3 डेसिबलच निघतो. 40 डेसिबल कुठून आले?

पडदा हलतो तो बाहेरचा आणि आतला दाब यांतल्या फरकामुळे. अखंड पडद्यामागे दाब जवळजवळ पोहोचतच नाही, म्हणून फरक पूर्ण मिळतो. छिद्र असेल तर आवाज त्यातून मागे जातो आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी सारखंच ढकलतो. पडद्याच्या दृष्टीने कुणी ढकललंच नाही.

खालच्या सुरांत तोटा जास्त का, याचं उत्तरही यातच आहे. छिद्रातली हवेची छोटी चकती म्हणजे वजन, आणि मागच्या पोकळीतली कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो तो याच जोडीमुळे. याला हेल्महोल्ट्झचा अनुनादक म्हणतात. अनुनादाच्या बराच खालचा सूर असेल तर चकती आरामात आत-बाहेर सरकते आणि दाब दोन्हीकडे सारखा होतो. बराच वरचा सूर असेल तर चकतीला वेग गाठता येत नाही, छिद्र असून नसल्यासारखं होतं आणि पडदा नेहमीसारखा काम करतो.

आता स्प्रिंगचं माप घेऊ. मधल्या कानाची मुख्य खोली लहान, अर्धा ते एक मिली. पण तिच्यामागे अरुंद वाटेने कानामागच्या मॅस्टॉइड हाडातल्या हवेच्या पेशी जोडलेल्या असतात, आणि खरा फरक तिथे पडतो. निरोगी माणसांतसुद्धा ही एकूण हवा 2 मिलीपासून 20 मिलीपर्यंत काहीही असू शकते. शरीरात एवढा मोकळा फरक असलेली जागा विरळाच. बाहेरून कान पाहून तिचा काहीही अंदाज येत नाही.

जागा मोजली कशी

सर्वांत सोपं साधन टिम्पॅनोमीटर (नळीतला हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते मोजणारं यंत्र), आणि छिद्र असलेल्या कानात ते ‘सपाट रेघ आली’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. त्या सपाट रेघेशेजारचा आकारमानाचा आकडा वाचा. अखंड पडदा असलेल्या प्रौढ कानात तो केवळ कानाच्या नळीचा असतो, साधारण 0.6 ते 1.5 मिली. छिद्र असेल तर त्यात मधला कान आणि मॅस्टॉइडही मोजले जातात. नळीसाठी साधारण 1 मिली वजा केला की मागची जागा मिळते.

उजव्या कानाचा आकडा आला 3.1. म्हणजे मागे सुमारे 2 मिली. डाव्या कानात आकडा यंत्राच्या मापनकक्षेबाहेर गेला. चांगल्या यंत्रांतही असं होतं. दोन्ही बाजूंत एवढा फरक आणि साखळीबद्दल शंका, म्हणून शंखास्थीचा (कान ज्यात असतो त्या हाडाचा) सीटी स्कॅन केला. प्रत्येक कोरड्या मध्यवर्ती छिद्राला स्कॅन लागत नाही. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला पोळ्यासारख्या भरपूर हवेच्या पेशी, सुमारे 8 मिली. उजवीकडे मॅस्टॉइड जवळजवळ घट्ट हाड, छोटीशी पोकळी सोडली तर पेशी नाहीतच. लहानपणी सतत वाहणाऱ्या कानात असं नेहमी आढळतं. दोन्हीकडे साखळी सलग दिसत होती. पण सांधा जखडलेला आहे का, हे स्कॅनमध्ये खात्रीने कळत नाही.

8 आणि 2, चौपट फरक. अनुनादाचा सूर छिद्राचा व्यास भागिले आकारमान याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 4 मिमी व्यास आणि 8 मिली हवेसाठी तो सुमारे 1,200 हर्ट्झ निघतो, 2 मिलीसाठी सुमारे 2,400. जागा चौथाई झाली की सूर दुप्पट, म्हणजे बरोबर एक सप्तक वर.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. डाव्याचा 250 वरचा गॅप 25, उजव्याचा 500 वरचा 30. डाव्याचा 500 वरचा 15, उजव्याचा 1,000 वरचा 20. डाव्याचा 1,000 वरचा 5, उजव्याचा 2,000 वरचाही 5. उजवा कान म्हणजे एक सप्तक वर सरकवलेला डावा कानच आहे. राहिलेला 5 डेसिबलचा फरक ऑडिओमीटरच्या एका पायरीएवढा, त्यावरून काही सिद्ध करू नये. खालच्या सुरांत एकाच सुरावरचा अपेक्षित फरक 12 डेसिबल, मिळाला 15.

याच सूत्रातून एक गोष्ट निघते, जी रुग्णाला समजावताना फार उपयोगी पडते. महत्त्व व्यास आणि आकारमान यांच्या गुणोत्तराला आहे. 2 मिलीच्या कानातलं 1 मिमीचं छिद्र खालच्या सुरांत जवळपास तेवढाच तोटा करतं, जेवढा 8 मिलीच्या कानातलं 4 मिमीचं करतं. ‘टाचणीएवढं तर छिद्र आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य म्हणून जपून वापरावं. कागदावरच्या या हिशोबात घर्षण धरलेलं नाही, पडद्याचा ताणही नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे चार-पाच डेसिबल इकडेतिकडे होतात. पडद्यात मुद्दाम ग्रोमेटची छोटी नळी घातलेल्या कानात तोटा कमी असतो तोही याचमुळे: नळी लांब असते, आतल्या हवेचं वजन जास्त असतं, ती सहज हलत नाही.

आणि छिद्र कुठे आहे, हा प्रश्न? 2001 साली सुझन व्हॉस आणि सहकाऱ्यांनी मानवी शंखास्थींवर केलेल्या मोजमापांत छिद्र पुढे असो की मागे, तोट्यात फारसा फरक आला नाही. 2006 साली रुग्णांवरच्या अभ्यासातही तसंच दिसलं. कारण साधं आहे. मधल्या कानाची खोली काही मिलिमीटरची, आणि 1,000 हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे 34 सेंमी लांब. एवढ्या लहान खोलीत दाब सगळीकडे सारखाच भरतो, छिद्र कोणत्या कोपऱ्यात आहे याने बिघडत नाही. शिवाय खिडक्यांवर थेट आदळणाऱ्या आवाजाचा वाटा साखळीतून येणाऱ्या आवाजापेक्षा सुमारे 60 डेसिबलने क्षीण असतो. साखळी चालू आहे तोवर तो जाणवत नाही. मागची छिद्रं जास्त वाईट वाटतात, कारण त्यांच्याशेजारीच ऐरणीचा लांब दांडा असतो आणि तो बऱ्याचदा झिजलेला असतो.

फसवणारी मोजमापं

या निष्कर्षावर येण्याआधी एक गोष्ट तपासावी लागली: दोन्ही कान एकाच प्रकारच्या हेडफोनने तपासले होते का? कानात खुपसायचा इन्सर्ट फोन छोट्या बंद जागेत ठरावीक दाब तयार होईल असा जुळवलेला असतो. छिद्रामागे मोठी पोकळी असली की खालच्या सुरांत हा दाब पडतो, यंत्र मात्र नेहमीचाच आकडा दाखवतं. तोटा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि तोही मोठ्या पोकळीच्या, म्हणजे खरं तर बऱ्या कानात. कानावर बसणाऱ्या हेडफोनने ही चूक बरीच कमी होते. इथे दोन्ही कानांना तोच वापरला होता. शस्त्रक्रियेआधी एक आणि नंतर दुसरा वापरला तर तुलनेला अर्थ उरत नाही.

हाडातून तपासताना दुसऱ्या कानात मास्किंगचा, म्हणजे त्या कानाला गुंतवून ठेवणारा आवाज सोडणं आवश्यक, कारण हाडातून गेलेला आवाज दोन्ही आतल्या कानांत सारखाच पोहोचतो. दोन्हीकडे मोठा गॅप असेल तर मास्किंगच पलीकडे पोहोचतं आणि पेच होतो. डावा गॅप मर्यादित असल्याने इथे निभावलं.

कागदाची पट्टी

साखळी जखडली आहे का, याचा निकाल कागदाच्या तुकड्याने लागला. ही युक्ती बॉस्टनचे कर्णतज्ज्ञ क्लॅरेन्स ब्लेक यांनी 1887 साली वर्णिली, आणि आजही तिच्याइतकी स्वस्त आणि बोलकी चाचणी दुसरी नाही. सिगारेटच्या पातळ कागदाचा तुकडा छिद्रापेक्षा सगळ्या बाजूंनी दीड-दोन मिमी मोठा, म्हणजे इथे 7 ते 8 मिमीचा कापायचा. निर्जंतुक द्रवाने ओला करायचा. कान पूर्ण कोरडा असावा. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने ठेवून कडा हलकेच दाबायच्या आणि लगेच ऑडिओग्रॅम करायचा.

उजव्या कानाचा 250 वरचा गॅप पहिल्या प्रयत्नात 40 वरून 25 वर आला आणि तिथेच अडला. इथे घाईने ‘साखळी जखडली आहे’ असं लिहिलं असतं तर मोठी चूक झाली असती. पुन्हा पाहिल्यावर कागदाची पुढची कड उचललेली दिसली, मिलिमीटरभर फट. 2 मिलीच्या कानात 1 मिमीची फट किती तोटा करते, ते वर आलंच आहे: 25 डेसिबलच्या आसपास. पट्टी बदलून नीट बसवल्यावर गॅप 250 वर 10, 500 वर 10, 1,000 वर 5 असा उतरला. साखळी सलग आणि मोकळी. पट्टी लावून गॅप तसाच राहिला असता तर जखडलेली साखळी, वाढला असता तर तुटलेली, असा अर्थ घेतला असता.

दुरुस्ती

ज्या कानाने कमी ऐकू येतं तो आधी, हा नियम पाळून उजवा कान घेतला. पडद्याच्या शस्त्रक्रियांच्या वुलस्टाइनने केलेल्या 1956 च्या वर्गीकरणातला पहिला प्रकार, म्हणजे साखळीला हात न लावता फक्त पडदा. छिद्राची कड गोल कापून ताजी केली. ही पायरी राहिली तर कलम (छिद्र बुजवायला लावलेला उतीचा तुकडा) जिवंत राहूनही कड जुळत नाही. छिद्र पुढच्या बाजूचं, तिथे कलमाला आधार कमी मिळतो आणि कलम फसण्याची नेहमीची जागा तीच. म्हणून मधल्या कानात विरघळणाऱ्या जिलेटिन स्पंजचा आधार देऊन, कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण पडद्याच्या आतून, हातोडीच्या दांड्याखाली सरकवलं. हातोडी हलकेच हलवल्यावर गोल खिडकीच्या खोबणीतला द्रव चमकून हलला. साखळी मोकळी असल्याची ही हाताखालची खात्री.

कूर्चाचं कलम वापरायचं असतं तर ते अर्धा मिमी किंवा त्याहून पातळ करून घेतलं असतं, जाड कूर्चा आवाजाला जड जाते. मधल्या कानात चिकटे (अस्तर एकमेकांना चिकटून तयार होणारे पडदे) होणार नाहीत ही काळजी इथे विशेष घेतली. पडदा बंद झाल्यावर 2 मिली जागा पुरेशी असते. पण चिकट्यांनी ती अर्ध्या मिलीच्या खाली गेली तर कोंडलेल्या हवेची स्प्रिंग इतकी ताठ होते की अखंड पडदाही खालच्या सुरांत नीट हलत नाही.

दरम्यान दोन्ही कानांसाठी सूचना एकच: अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, कानात तेल नाही, पिचकारीने धुणं नाही. कान वाहायला लागला तर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब. जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंब छिद्रातून आतल्या कानाला इजा करू शकतात. आणि कान न वाहता ऐकू येणं एकदम खालावलं तरी दाखवायला यायचं. मॅस्टॉइडकडे जाणारी अरुंद वाट अस्तर सुजून बंद झाली की मागची जागा क्षणात घटते. छिद्र तेवढंच राहतं, बहिरेपणा वाढतो.

सहाव्या आठवड्याचा ऑडिओग्रॅम मुद्दाम केला नाही, कारण स्पंज आणि रक्ताचे अवशेष तोवर पडद्याला जड करून ठेवतात. तिसऱ्या महिन्यात कलम पूर्ण लागलेलं होतं. सहाव्या महिन्यात उजव्या कानाचा गॅप 250 वर 10, 500 वर 10, 1,000 आणि 2,000 वर 5, 4,000 वर 10, म्हणजे कागदाच्या पट्टीने आधीच सांगितलेले आकडे.

यानंतर डावा कान. तिथे 250 वर 15 डेसिबल मिळतील, वरच्या सुरांत जवळजवळ काही नाही, हे आधीच सांगितलं. त्यांना पुन्हा पोहायचं होतं, म्हणून तो बंद करायचा ठरला. लहान मध्यवर्ती छिद्र आणि निरोगी अस्तर असल्याने कानाच्या पाळीतल्या चरबीचा तुकडा छिद्रात बुचासारखा बसवणं पुरेसं होतं. कड आधी ताजी केली, तुकडा छिद्राच्या दुप्पट आकाराचा घेतला. तीन महिन्यांनी तोही बंद.

शेवटच्या टिम्पॅनोमेट्रीत दोन्ही कानांत नीट टोक असलेली रेघ आली, आणि उजव्या कानाच्या नळीचं आकारमान निघालं 1.1 मिली. आधीच्या 3.1 मधून वजा केले तर बरोबर 2.